रोज बी-कॉम्प्लेक्स चालू आहे, तरी बी-१२ कमी कसं पडेल?

कातरवेळ

नमस्कार. प्रश्न आईसाठी आहे. वय ६३, मधुमेह जुना, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, साखर बऱ्यापैकी ताब्यात. गेल्या काही महिन्यांपासून तिच्या पायांच्या बोटांना मुंग्या येतात. तळपायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं म्हणते. रात्री दिवा न लावता उठली तर भिंत धरून चालते. जीभ लाल आणि अगदी गुळगुळीत झाली आहे, गरम काही लागलं की झोंबतं. आम्ही सगळे हे मधुमेहाचंच म्हणून धरून चाललो होतो. नेहमीच्या तपासणीत आता हिमोग्लोबिन १०.१ आणि एमसीव्ही ११२ आलं, तेव्हा डॉक्टरांनी बी-१२ आणि फोलेट तपासायला सांगितलं. रक्त अजून दिलेलं नाही.

आईचं म्हणणं, मी रोज बी-कॉम्प्लेक्स घेते, लघवी पिवळीधमक होते, म्हणजे अंगाला लागून वर उरतंय. मावशीचं म्हणणं, तिच्याकडे फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पडून आहेत, त्या आजच सुरू करायच्या. मला शाळेतलं इतकंच आठवतं की ए, डी, ई, के चरबीत विरघळतात आणि साठतात. बी आणि सी पाण्यात विरघळतात, साठत नाहीत, म्हणून रोज लागतात. मग रोज घेणाऱ्याला कमी कसं पडेल?

आणि एक. कशाच्या कमतरतेने काय होतं त्याचा तक्ता कुठेही मिळतो. तसंच का होतं, ते कुणी समजावून सांगेल का?

पायवाट

कातरवेळ, फार काळजी करू नका. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा अपाय होत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. रिपोर्ट येईपर्यंत दिवस कशाला घालवायचे? फोलिक अ‍ॅसिड सुरू करून टाका, हिमोग्लोबिन वाढेल.

काचपट्टी

कातरवेळ, फोलिक अ‍ॅसिड सुरू करू नका. आधी रक्त द्या. पायवाट यांनी चांगल्या मनाने लिहिलंय, पण नेमक्या तुमच्या आईसारख्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे. का, ते सविस्तर सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज रक्ताच्या स्लाइड बघते.

आधी साठ्याचं. 'पाण्यात विरघळतं म्हणून साठत नाही' हे सरसकट वाक्य मुलांना शिकवणं थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येकाचा साठा वेगळा आणि तो किती दिवस पुरतो तेही वेगळं. बी-१ म्हणजे थायामिन. ते शरीरात सारं मिळून ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज मिलिग्रॅमभर लागतं. आवक बंद झाली तर दोन-तीन आठवड्यांत खडखडाट. सी जीवनसत्त्वाचा साठा साधारण १,५०० मिलिग्रॅम. तो ३०० ते ४००च्या खाली उतरला की स्कर्व्ही दिसू लागतो, त्याला एक ते तीन महिने लागतात. फोलेट (म्हणजे बी-९, गोळीत ते फोलिक अ‍ॅसिड म्हणून असतं) काही महिने पुरतं. आणि बी-१२? ते २ ते ५ मिलिग्रॅम असतं, बरंचसं यकृतात, आणि रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम. शिवाय पित्तातून आतड्यात उतरलेलं बी-१२ शरीर पुन्हा शोषून घेतं. म्हणून आवक थांबल्यावरही वर्षानुवर्षं काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा लोक त्याचं कारण गेल्या महिन्यात शोधत बसतात.

पिवळी लघवी ही बी-२ची, रायबोफ्लेविनची. त्याचा रंगच पिवळा आहे. जास्तीचं बी-२ मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं, एवढंच त्यावरून कळतं. बी-१२ शोषलं गेलं की नाही याच्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही. गोळीच्या पाकिटावर बी-१२ किती मायक्रोग्रॅम लिहिलंय तेही बघा. काही गोळ्यांत ते अगदी थोडं असतं, काहींत नसतंच.

आणि बी-१२ गिळलं म्हणजे पोहोचलं असं होत नाही. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठराच्याच पेशींतून झिरपणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि ही जोडगोळी पार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जाऊन शोषली जाते. या वाटेवर कुठेही अडथळा आला की गोळी चालू असूनही कमतरता होऊ शकते. मेटफॉर्मिन अडथळा आणतं तो शेवटच्या टप्प्यावर. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितका धोका जास्त. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या पहिल्या टप्प्यावर आड येतात. आई त्याही घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. मात्र मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. साखर बिघडवून घ्यायची गरज नाही, बी-१२ वेगळं देता येतं.

आता 'तसंच का होतं' याबद्दल. तुमचा हा प्रश्न मला फार आवडला. बी गटातली जीवनसत्त्वं स्वतः ताकद देत नाहीत. ती एन्झाइमच्या हातातली हत्यारं आहेत. कुठलं हत्यार कुठल्या कामाला लागतं आणि ते काम शरीरात कुठे सगळ्यात जोरात चालतं हे कळलं, की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

थायामिनशिवाय ग्लुकोजपासून ऊर्जा काढण्याचं काम पायरुव्हेट या मधल्या पदार्थापाशी अडतं. म्हणून आधी बोलतात ते चेतातंतू, मेंदू आणि हृदय: पाय लुळे पडणं, किंवा अंगावर सूज आणि हृदय थकणं. हाच बेरीबेरी. जावामध्ये एइकमन या डच डॉक्टरांना पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांमध्ये असाच आजार दिसला आणि कोंडा दिल्यावर कोंबड्या सुधारल्या. १९२९चं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी.

बी-२ आणि बी-३ ही इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एफएडी आणि एनएडीसाठी लागतात. पेशीत असं काम क्वचितच असेल जे यांच्यावाचून चालतं, त्यामुळे ज्या पेशी सतत झिजतात आणि नव्या होतात तिथे पहिला फटका बसतो. बी-२ कमी पडलं की ओठांचे कोपरे फाटतात, जीभ सुजते. बी-३ कमी पडलं की पेलाग्रा: ऊन लागणाऱ्या कातडीवर दोन्ही बाजूंना सारखे काळपट चट्टे, जुलाब आणि पुढे भ्रम. गळ्याभोवती तर पट्टा घातल्यासारखा डाग उमटतो. पेलाग्राचा इतिहास वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं. मक्यात नियासिन म्हणजेच बी-३ असतं, पण बांधलेल्या अवस्थेत. मध्य अमेरिकेतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्याने ते मोकळं होई. मका बाकीच्या जगात गेला, ती पद्धत गेली नाही, आणि गरिबांची पिढीच्या पिढी आजारी पडली. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा संसर्गजन्य रोग मानत. गोल्डबर्गर या डॉक्टरांनी आहार बदलून तो थांबवून दाखवला, रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेऊनही आजार होत नाही हे दाखवलं. नियासिनच तो घटक आहे हे १९३७ मध्ये कळलं. गोल्डबर्गर १९२९ मध्येच गेले होते.

बी-५ म्हणजे पँटोथेनिक अ‍ॅसिड. ते जवळपास सगळ्या अन्नात असतं, त्यामुळे कमतरता फार दुर्मीळ. बायोटिनचंही तसंच. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातलं अ‍ॅविडिन बायोटिनला इतकं घट्ट पकडतं की ते शोषलंच जात नाही, पण त्यासाठी कच्ची अंडी भरपूर आणि दीर्घकाळ खावी लागतात.

सी जीवनसत्त्वाचं सगळ्यात मोठं काम कोलॅजेनमध्ये. कोलॅजेनच्या धाग्यांचा पीळ पक्का बसण्यासाठी प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर जी रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, ती सीशिवाय होत नाही. मग रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या राहतात, हिरड्यांतून रक्त येतं, केसांच्या मुळाशी लाल ठिपके उठतात, केस स्क्रूसारखे वळतात, जखमा भरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये स्वयंसेवकांना जवळजवळ सी नसलेल्या आहारावर ठेवलं होतं. स्कर्व्ही झालेले लोक रोजच्या फक्त १० मिलिग्रॅमने बरे झाले. हजार हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या चघळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण जास्तीच्या सीमधून काही जणांत ऑक्झलेट वाढतं आणि मुतखड्याला वाट मिळते.

बी-९ आणि बी-१२ बद्दल वेगळं लिहिते, आता सॅम्पल आली आहेत.

काचपट्टी

पुढचं. हाडांच्या मगजात सेकंदाला लाखो लाल पेशी तयार होतात. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची पूर्ण प्रत व्हावी लागते आणि तिच्यासाठी लागणारं थायमिडिन बनवायला फोलेट हवं. फोलेट कमी असलं की प्रत रखडते, पण पेशीचं बाकी अंग वाढत राहतं. त्यामुळे पेशी मोठी होते आणि दुभंगणं लांबतं. तुमच्या रिपोर्टमधलं एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० असतं, आईचं ११२ आहे.

अशी स्लाइड मायक्रोस्कोपखाली पहिल्या नजरेत वेगळी वाटते. लाल पेशी मोठ्या आणि गोल असण्याऐवजी अंडाकार. मधला फिकट भाग जवळजवळ नाही. मग मी पांढऱ्या पेशी शोधते. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार खंड असतात, बारीक धाग्याने एकमेकांना जोडलेले. इथे पाच, सहा, कधी त्याहूनही जास्त खंड मोजता येतात. शंभर न्यूट्रोफिलमध्ये पाचखंडी पेशी पाचांहून जास्त निघाल्या किंवा सहाखंडी एक जरी दिसली, तरी मी रिपोर्टवर तशी नोंद करते. एमसीव्ही वाढण्याची कारणं इतरही आहेत: दारू, यकृताचे आजार, थायरॉइड. पण सोबत हे खंड दिसले की बी-१२ किंवा फोलेटकडेच बोट जातं.

दोन्हींत रक्त अगदी एकसारखं दिसतं. स्लाइडवरून मला या दोघांपैकी कोण ते सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. म्हणून रक्तातली पातळी मोजायची.

फोलेटबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा, त्यात बऱ्याच गिरणीकामगार होत्या, असाच मोठ्या पेशींचा पांडुरोग अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. आणि व्हिक्टर हर्बर्ट या डॉक्टरांनी १९६१-६२ मध्ये तीन-तीनदा उकळून फोलेट काढून टाकलेलं अन्न स्वतः खाल्लं. सुमारे सात आठवड्यांत न्यूट्रोफिलचे खंड वाढले, मोठ्या पेशींचा पांडुरोग मात्र साडेचार महिन्यांनी आला. हिमोग्लोबिन उतरायच्या कितीतरी आधी काचेवर खूण दिसते, ती अशी.

रसायनवेडी

काचपट्टीताई, मी बायोकेमिस्ट्री शिकतेय. दोन्हींत रक्त सारखंच बिघडतं, मग फोलेटच्या कमतरतेत एरवी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होत नाही आणि बी-१२च्या कमतरतेत होते, हे कसं? पुस्तकात 'फोलेट ट्रॅप' म्हणून चार ओळी आहेत, त्या कळत नाहीत.

काचपट्टी

रसायनवेडी, बी-१२ची माणसाच्या शरीरात दोनच कामं आहेत, ती वेगळी करून बघ म्हणजे उलगडेल.

पहिलं काम: रक्तात फिरणारं फोलेट मिथाइल गट (एका कार्बनचा छोटा तुकडा) घेऊन पेशीत येतं. तो गट उतरवून होमोसिस्टिन या अमिनो आम्लावर चढवायचा म्हणजे मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल होतं आणि फोलेट मोकळं होतं. हे उतरवणारं एन्झाइम बी-१२शिवाय चालत नाही. मग फोलेट असूनही मिथाइलच्या रूपात अडकून पडतं, डीएनएला मिळत नाही. म्हणून बी-१२ कमी असलं तरी रक्तात चित्र फोलेट कमी असल्याचंच दिसतं. तोच ट्रॅप.

बाहेरून दिलेलं फोलिक अ‍ॅसिड वेगळ्या दाराने आत येतं, त्याच्यावर तो मिथाइल गट नसतो. त्यामुळे डीएनएचं काम सुरू होतं, हिमोग्लोबिन वर येतं, सगळ्यांना वाटतं माणूस सुधारला. पण मज्जातंतूंवरचं मायेलिनचं वेष्टण टिकवण्यात बी-१२चा जो वाटा आहे, तो फोलिक अ‍ॅसिड उचलू शकत नाही. मिथिओनिनपासून मिळणारे मिथाइल गट तुटलेलेच राहतात. आणि बी-१२चं दुसरं काम, मिथाइलमॅलोनिल-कोए पुढे सरकवणं, त्यात फोलेटचा काही संबंधच नाही. रक्त सुधारतं आणि पाठीच्या कण्यातलं नुकसान चालूच राहतं. पायवाट, मी घाईने 'नको' म्हटलं ते या कारणाने.

परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे उपयोगी पडेल असं: या दोन कमतरतांपैकी मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड फक्त बी-१२च्या कमतरतेत वाढतं, होमोसिस्टिन दोन्हींत वाढतं. बी-१२चा आकडा काठावर आला तर या तपासण्या निकाल लावतात.

कातरवेळ, आईचं अंधारात भिंत धरणं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जातात आणि बी-१२च्या कमतरतेत तेच आधी बिघडतात. उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात, अंधारात ते जमत नाही. डॉक्टर पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून कंप जाणवतो का बघतील. मधुमेहातही मुंग्या येतात, दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून एकाच्या नावावर सगळं टाकून मोकळं होऊ नये.

रात्रपाळी

मी वॉर्डात परिचारिका आहे. काचपट्टी यांनी थायामिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचा म्हटलं, त्याला माझी भर. दारूचं व्यसन असलेले रुग्ण तर असतातच, पण गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणारी मुलगी, पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेला आणि नंतर खाणं न टिकणारा माणूस, यांचाही साठा संपलेला असतो. अशा रुग्णाची नजर स्थिर राहीनाशी झाली, चाल अडखळली, बोलणं असंबद्ध झालं, तर ते 'अशक्तपणामुळे' म्हणून सोडून देऊ नका. तिन्ही एकदम दिसायची वाट तर बघूच नका, बऱ्याच जणांत एखादंच असतं. आम्ही ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी किंवा लावतानाच शिरेतून थायामिन देतो, कारण ग्लुकोज आलं की उरलंसुरलं थायामिनही त्याच्या ज्वलनात खर्ची पडतं. वेळेत दिलं तर डोळे काही तासांत सुधारताना मी बघितले आहेत. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. घरच्यांनी 'किती दिवस नीट जेवण नाही' एवढं जरी अचूक सांगितलं तरी आम्हाला फार मदत होते.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. फोलिक अ‍ॅसिड थांबवलं, मावशीलाही समजावलं. उद्या सकाळी रक्त देणार. दोन शंका: आई केसांसाठी बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळीही घेते, असं आज कळलं. आणि एका नातेवाइकाने 'नसांची गोळी' म्हणून दिलेल्या स्ट्रिपवर बी-६ १०० मिलिग्रॅम लिहिलंय. ती चालू ठेवायची का?

काचपट्टी

बरं झालं विचारलंत. उद्या रक्त देऊ नका.

बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशे पटींहून जास्त. बऱ्याच मशीनवरच्या तपासण्या बायोटिनच्याच पकडीवर चालतात, आणि रक्तात ते भरपूर असलं की आकडे फसवे येतात. काही पद्धतींत बी-१२ आणि फोलेट खोटं वाढलेलं दिसतं, थायरॉइडचं टीएसएच आणि हृदयाचं ट्रोपोनिन खोटं कमी. ती गोळी बंद करून निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या, डॉक्टरांना आणि रक्त घेणाऱ्यांना सांगा आणि मग सॅम्पल द्या. तोवर बी-१२चं इंजेक्शन घेऊ नका, घेतलं तर पातळी वर गेलेलीच दिसेल. पण चालताना तोल जास्त जायला लागला किंवा मुंग्या भराभर वर चढल्या, तर हे दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बी-६ ची ती गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आणखी देऊ नका. बी-६ अमिनो आम्लांच्या उलथापालथीला, हिमोग्लोबिनमधलं हीम बनवायला आणि मेंदूतले संदेशवाहक तयार करायला लागतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड त्याला निकामी करतं, म्हणून त्या औषधासोबत बी-६ देतात, आणि ते योग्यच आहे. पण मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर तेच बी-६ हातापायांच्या संवेदना घालवतं. म्हणजे मुंग्यांवर घेतलेल्या गोळीने मुंग्याच वाढायच्या. अमेरिकेत याची वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. 'जास्तीचं निघून जातं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण देते.

बी-१२ खरंच कमी निघालं तर इंजेक्शन की मोठ्या डोसची गोळी, हे डॉक्टर ठरवतील. चेतातंतूंची लक्षणं असली की सहसा इंजेक्शनने सुरुवात करतात. १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं साधारण एक टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषलं जातं, त्यामुळे पुढे अनेकांना गोळीवरही भागतं. उपचार सुरू झाले की आठवड्याभरात नव्या लाल पेशी वाढलेल्या दिसतात, बहुखंडी न्यूट्रोफिल साधारण दोन आठवड्यांत जातात, हिमोग्लोबिन दोनेक महिन्यांत जागेवर येतं. पायांना मात्र महिने लागतात. जितक्या लवकर सुरुवात, तितकं भरून येणं जास्त. मेटफॉर्मिन चालू राहणार असेल, तर बी-१२ ठरावीक काळाने पुन्हा तपासायचं हे आताच डॉक्टरांकडून लिहून घ्या.